थिन-फिल्म सोलर सेल कोणत्या थरात मार खातो, हे कसे ओळखावे

कार्यक्षमतेच्या एका आकड्यावरून दोष सापडत नाही. आय-व्ही आलेखातून (करंट विरुद्ध व्होल्टेज) तीन आकडे काढा: शॉर्ट-सर्किट करंट (टोके थेट जोडल्यावरचा), ओपन-सर्किट व्होल्टेज (टोके मोकळी असतानाचे) आणि फिल फॅक्टर (कमाल पॉवर भागिले या दोहोंचा गुणाकार). यांतला कोणता पडला, त्यावरून थर ठरतो. उदाहरणाला कॅडमियम टेल्युराइडचा सेल घेऊ.

आधी उजेड शिरतो त्या बाजूने थर कागदावर मांडा: काच, पारदर्शक वाहक ऑक्साइड, कॅडमियम सल्फाइड, उजेड शोषणारा २ ते ४ मायक्रॉनचा कॅडमियम टेल्युराइड आणि मागचा कॉन्टॅक्ट. (सीआयजीएस, म्हणजे कॉपर इंडियम गॅलियम सेलेनाइडच्या सेलमध्ये क्रम उलटा असतो.)

करंट कमी आहे? मग क्वांटम एफिशियन्सीचा आलेख पाहा; कोणत्या तरंगलांबीच्या उजेडाचा किती भाग करंट होतो, ते त्यात दिसते. खड्डा ५१० नॅनोमीटरच्या खालीच असेल, तर सल्फाइडचा थर जाड झालाय. त्याचा बँड गॅप (उजेड शोषला जायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे २.४ इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्यामुळे निळा उजेड तोच गिळतो आणि त्या उजेडातून करंट जवळजवळ मिळत नाही. मग थर पातळ करायचा? इथेच गोम आहे. फार पातळ थरात सूक्ष्म छिद्रे राहतात, टेल्युराइड थेट ऑक्साइडला टेकते आणि व्होल्टेज व फिल फॅक्टर दोन्ही घसरतात. करंट कमवायला जावे आणि व्होल्टेज घालवून बसावे, असे या थरात हमखास होते. सल्फाइडऐवजी मॅग्नेशियम झिंक ऑक्साइड पुढे आले ते यामुळेच. त्याचा बँड गॅप मोठा असल्याने निळा उजेड आरपार जातो.

टेल्युराइड जाड करून मात्र फारसे हाती लागत नाही. २ मायक्रॉनमध्येच उपयोगी उजेड बहुतेक शोषला जातो.

व्होल्टेज कमी दिसले, तर जाडीला हात लावण्याआधी कॅडमियम क्लोराइडची प्रक्रिया (या क्षाराच्या सान्निध्यात थर तापवणे) तपासावी, असे माझे मत. सुमारे ४०० अंश सेल्सिअसला ती नीट झाली, की क्लोरिन टेल्युराइडच्या स्फटिककणांच्या सीमांवर जाऊन बसते आणि तिथे वाया जाणारे इलेक्ट्रॉन वाचतात.

राहिला फिल फॅक्टर. शून्य व्होल्टेजजवळ रेषा सपाट न राहता उतरती असेल, तर कुठेतरी गळती आहे, छिद्रे शोधा. ओपन-सर्किटजवळ ती आडवी कलली असेल, तर सिरीज रेझिस्टन्स (करंटच्या वाटेतला रोध) जास्त आहे. ऑक्साइड जाड केल्यास तो उतरतो, पण इन्फ्रारेड उजेड थोडा वाया जातो. तिथेच रेषा वाकून सपाट झाली, तर मागच्या कॉन्टॅक्टपाशी अडथळा आहे. किंचित तांबे घातल्याने तो कमी होतो. जास्त झाले तर तेच तांबे हळूहळू जंक्शनपर्यंत (सल्फाइड आणि टेल्युराइड जिथे भेटतात तिथवर) सरकते आणि सेल कालांतराने उतरू लागतो.