कार्बन स्टीलची नवी सुरी घेतलीत? मग या चुका टाळा

"सुरी डुप्लिकेट निघाली वाटतं, दोन दिवसांत काळी पडली." दर उन्हाळ्यात, कैऱ्या बाजारात आल्या की असा एक तरी फोन येतोच. सोबत फोटो असतो. चकचकीत पात्यावर करडे-निळसर डाग, कुठे कांद्याच्या रसाचा ओघळ उमटलेला. सुरीला काहीही झालेलं नसतं. ती रापायला लागलेली असते, आणि ती रापावी म्हणूनच तर कार्बन स्टील घ्यायचं.

याच्या उलटही लोक भेटतात. पात्यावर तांबूस गंज धरलेला असतो आणि "बघा, काय मस्त पॅटिना (म्हणजे राप) आलाय" म्हणून कौतुकाने दाखवतात. गेली बारा वर्षं मी रोज एक स्वीडिश मोरा सुरी वापरतो आहे. न मिटणारी, साधारण 10 सेंटिमीटर पात्याची, साध्या लाकडी मुठीची. मोरा गावाजवळ ओस्टनोरला 1891 पासून या सुऱ्यांचा कारखाना आहे. आता माझ्या सुरीचं पातं पावसाळी आभाळासारखं दिसतं. तो रंग मी लावलेला नाही, बारा वर्षांच्या भाज्यांनी लावला आहे.

आधी फरक नीट समजून घ्या. स्टेनलेसमध्ये किमान साडेदहा टक्के क्रोमियम असतं, म्हणून ते वर्षानुवर्षं तसंच चमकतं. साध्या कार्बन स्टीलमध्ये ते जवळजवळ नसतंच. लोखंड उघडं असतं, आंबट लागलं की लगेच रंग बदलतं. काळा-करडा थर बसला तर तो राप. तो पातळ असतो, पात्याला घट्ट धरून असतो आणि पुढचा गंज थोडा लांबवतो. थोडाच, थांबवत नाही. लाल-नारिंगी थर म्हणजे गंज. तो फुगतो, सुटतो आणि खालचं लोखंड खात जातो. ओला पांढरा कपडा फिरवून बघा. कपड्यावर तांबूस उतरलं तर गंज. आपल्या घरांतल्या जुन्या विळ्यांची पाती अशीच काळी असायची आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नसे.

राप एका रात्रीत आणायला जाणं

सगळ्यात जास्त जीव जळतो तो या चुकीने. आमच्या इमारतीतला एक कॉलेजचा मुलगा. पैसे साठवून त्याने पहिली कार्बनची सुरी घेतली आणि तिसऱ्याच दिवशी माझ्याकडे घेऊन आला. व्हिडिओ बघून व्हिनेगरच्या ग्लासात उभी करून ठेवली होती, रात्रभर. पातं काळं झालं होतं, पण बोट फिरवलं की काजळीसारखं बोटाला लागत होतं. व्हिनेगर जिथवर होतं तिथे पात्यावर आडवी रेघ उठली होती, नखाला लागेल इतकी. आणि धार? टोमॅटोच्या सालीवरून घसरली.

व्हिनेगर रंग देऊन थांबत नाही, लोखंड खातं. धार म्हणजे पात्याचा सर्वांत पातळ भाग, तोच आधी जातो. शिवाय हा घाईचा काळा रंग भुसभुशीत असतो. खाण्याच्या सोड्याची पेस्ट करून ती काजळी आम्ही बुचाने घासून काढली, मग 1000 नंबरच्या दगडावर तासभर बसून धार परत आणली. ती आडवी रेघ मात्र आजही आहे. मग मी त्याला घरी मेथांब्यासाठी आणलेल्या दोन किलो कैऱ्या दिल्या आणि म्हटलं, काप. तिसऱ्या कैरीला पातं करडं झालं, संपेपर्यंत धारेपासून वरपर्यंत ढग उतरल्यासारखा रंग चढला. तो हरखून बघत राहिला.

घाईच असेल तर हा रस्ता धरा. कैरी, कांदा, लिंबू, टोमॅटो कापा, दोन-तीन मिनिटं रस तसाच राहू द्या, धुवा, पुसा. शिजलेलं गरम चिकन कापलंत तर निळा-जांभळा रंग येतो, तो मला सगळ्यात आवडतो. केळफूल, कच्ची केळी, डाळिंबाची साल यांनी मात्र गडद काळे डाग पडतात, कारण त्यांच्यात तुरटपणा देणारं टॅनिन भरपूर. हिरडा आणि हिराकस (लोखंडाचा क्षार) एकत्र करून पूर्वी काळी शाई करायचे, त्यामागेही हीच टॅनिन आणि लोखंडाची गाठ आहे.

गॅसवर धरणं

कुणी वाळवायला धरतं, कुणी निळा रंग यावा म्हणून. दोन्हींसाठी हात जोडून सांगतो, नका करू. आगीने येणारा निळा रंग राप नाही. स्टील साधारण 290-300 अंशांपर्यंत तापल्याची ती खूण आहे. अशा सुरीचं पाणी, म्हणजे तापवून दिलेला कडकपणा, त्याच्या खूप आधी, साधारण 200 अंशांच्या आसपास बसवलेलं असतं. त्यापुढे तापली की ती मऊ पडते, आणि धारेचा पातळ पत्रा ज्योतीवर काही सेकंदांत तिथवर पोचतो. मग कितीही दगडावर घासा, धार टिकत नाही. यावर घरी काही इलाज नाही, भट्टीतच पुन्हा पाणी द्यावं लागतं. वाळवायला सुती फडका पुरतो.

ओली सुरी म्यानात घालणं

हे मी स्वतः केलं आहे आणि त्याची खूण अजून माझ्या पात्यावर आहे. देवगडला नातेवाइकांकडे सकाळी बांगडे साफ केले. सुरी नळाखाली धरली, पँटला पुसली आणि चामड्याच्या म्यानात सरकवली. दुपारची एसटी होती. पुण्यात पोचून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी म्यान उघडलं तर पात्यावर नारिंगी टिपक्यांची एक सरळ ओळ. म्यानाची शिवण जिथे टेकत होती, नेमकी तिथेच. तेल लावून, घासून लाल थर गेला, पण खाली सुईच्या टोकाएवढे खड्डे राहिले. त्यांतले दोन थेट धारेवर. धार लावताना तो भाग संपेपर्यंत दोन वर्षं तिथे केस अडकायचे.

मीठ आणि ओल एकत्र आली की गंज फार जोरात धरतो, आणि चामडं ओल धरून ठेवतं. तेव्हापासून माझी सवय अशी. मासळी किंवा मीठ लागलं की साबणाने धुवायची, पुसायची, पाच मिनिटं पंख्याखाली ठेवायची आणि मगच म्यान. घरात असताना म्यान वेगळं, सुरी वेगळी. पावसाळी ट्रेकला मी प्लास्टिकचंच म्यान नेतो, ज्याला खाली पाणी निथळायला भोक असतं.

बाकीच्या चुका थोडक्यात.

हिरवी घासणी आणि चिंच तांब्या-पितळेसाठी ठेवा. महिनाभराचा राप त्या एका मिनिटात काढून टाकतात. मऊ स्पंज बास.

नवी सुरी थेट फळावर नको. कारखान्यातलं तेल असतं, आधी गरम पाण्याने आणि साबणाने धुवा.

पहिले काही दिवस कांदा काळा पडेल, सफरचंदाला लोखंडी वास येईल. राप बसला की ते कमी होतं. तोवर पाहुण्यांची फळं दुसऱ्या सुरीने कापा.

डिशवॉशर नाही. सिंकमध्ये भिजत तर अजिबात नाही.

धार लावली की कडेला चकचकीत पट्टी दिसते आणि लोक हळहळतात, म्हणून धार लावायचंच टाळतात. बोथट सुरी जोर मागते आणि बोटावर येते. ती पट्टी चमकायलाच हवी.

तेलाबद्दल. जवस आणि करडईची तेलं हवेने चिकट होऊन बसतात, ती नकोत. मी रोज खोबरेलाचा एक थेंब पात्यावर ओढतो आणि कोरड्या चिंधीने जवळजवळ पुसून टाकतो. जास्त दिवस ठेवायची असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन चांगलं, ते खवट होत नाही.

तांबूस ठिपका दिसलाच तर घाबरू नका आणि उद्यावरही टाकू नका. खोबरेल लावून अर्धा तास ठेवा, मग सुती कापडाने दाबून घासा. ताजा असेल तर एवढ्यात निघतो. नाही निघाला तर सोड्याची पेस्ट, आणि अगदीच हट्टी असेल तर तेवढ्याच जागी तेलात भिजवलेला 1500 नंबरचा पॉलिश पेपर. तिथे स्टील उघडं पडेल, पण पुढच्या दोन-चार कैऱ्यांत आजूबाजूच्या रंगात मिसळून जाईल.