भुसावळचा उन्हाळा काढला म्हणून वाळवंट झेपेल असं समजू नका

आमच्या भाच्याला दोन ऑफर आल्यात. एक जोधपूरच्या पुढे फलोदीकडची, सोलर प्लांटवर, आणि दुसरी दुबईची. पोरगा फोनवर म्हणतो काय, "मामा, आपण भुसावळचे, आपल्याला ऊन काय करणार?" हेच वाक्य मीपण बोललो होतो भो, साक्रीच्या 125 मेगावॉटच्या प्लांटवरचं काम संपवून राजस्थानात गेलो तेव्हा, आणि तिसऱ्या दिवशी सलाइन लावून पडलो होतो. त्यात दुसऱ्या कोणाची चूक नव्हती. डोक्यावर उपरणं न घेता "एवढं तर आपल्याकडे एप्रिलमध्येच असतं" असं म्हणत दुपारी दीडला पॅनलच्या रांगेत उभा राहिलो होतो. नंतर पाच वर्षं दुबईत काढली, आता जळगावला परत आलोय. भाच्याला तेच तेच सांगून घसा सुकला म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतो, अजून कोणाच्या पोराला कामाला आलं तर येऊ द्या.

आधी एक डोक्यातून काढा. खानदेश वाळवंट नाही. मे महिन्यात पारा 45-46 वर जातो हे खरं, पण आपल्याकडे वर्षाला 700 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, काळी जमीन आहे, तापी आहे, केळी आहे. वाळवंट म्हणतात ते 250 मिमीच्या आत पाऊस असलेल्या भागाला. जैसलमेरला 200 च्या आसपास, दुबईला तर 100 पण कसाबसा. आपला उन्हाळा कितीही जीवघेणा असला तरी मृग लागला की सुटका होते, एवढा भरवसा असतो. तिकडे तो भरवसा नसतो आणि माणूस अंगापेक्षा मनाने आधी थकतो, हे पहिल्या ऑगस्टमध्ये कळतं.

आता खरी गोष्ट. ऊन दोन जातीचं असतं, कोरडं आणि दमट, आणि आपण कुठल्या उन्हात चाललोय हे कळल्याशिवाय बॅग भरू नये. खानदेशी माणसाला हे समजायला सोपं आहे कारण आपण दोन्ही बघतो. आपला मे महिना म्हंजे जोधपूर, आणि पाऊस येण्याआधीचे ते आठ दिवस, वारा पडलेला, अंगाला बनियन चिकटलेली, कूलरसमोर बसून उलटं जास्त घामट वाटतं, ते आठ दिवस म्हंजे दुबई. फक्त तिथे ते चार महिने चालतात. समुद्र शेजारी असून त्याचा काही उपयोग नाही, ऑगस्टमध्ये त्याचंच पाणी 33-34 डिग्रीला कोमट झालेलं असतं आणि तीच वाफ शहरावर. एसीतून बाहेर पाय टाकला की चष्म्यावर धुकं.

कूलरचं गणित

भाच्याचा पहिला प्रश्न हाच होता, इथून कूलर नेऊ का. अरे बाबा, राजस्थानात पायलीला पन्नास मिळतात. पण कूलर चालतो कसा ते समजून घे. पाण्याची वाफ होताना हवेतली उष्णता खेचली जाते, म्हणून हवा जेवढी कोरडी तेवढा कूलर भारी. जोधपूरला मे महिन्यात 44 डिग्री आणि हवेत ओलावा 12-15 टक्के असेल तर चांगला कूलर 28 च्या आसपासची हवा फेकतो, पार दुलई घ्यायची वेळ येते. तोच कूलर दुबईच्या ऑगस्टमध्ये, 36 डिग्री आणि ओलावा 65 टक्के, लावला तर 31-32 च्या खाली येत नाही आणि खोलीची नुसती आंघोळ होते. म्हणून तिकडे कूलर विसरा, एसीशिवाय पर्याय नाही.

राजस्थानात कूलर लावणार असाल तर समोरची खिडकी उघडी ठेवा. अर्धी जनता दार-खिडक्या गच्च बंद करून कूलर लावते आणि मग म्हणते कूलर बेकार. ओली हवा बाहेर जायला वाट पाहिजे ना. वाळ्याची ताटी असो नाहीतर ती जाळीदार कागदी पॅडं, तिकडच्या पाण्यात क्षार जास्त, एका सीझनमध्ये पांढरी खार चढते, मधूनअधून धुवायची. टाकीतलं पाणी आठवड्याला तरी पूर्ण काढून टाका, डास तिथेच होतात. आणि हो, हवा 40 च्या वर गेली की नुसता पंखा लावून बसू नका, तो गरम हवाच अंगावर मारतो, अंग थंड होण्याऐवजी अजून तापतं. पंख्यासमोर ओला टॉवेल घेऊन बसा मग ठीक.

खोली कशी बघायची

माझ्या आजोळी यावलकडे धाब्याचं घर होतं. दोन हात जाड मातीच्या भिंती, वर लाकडं आणि मातीचं सपाट धाबं, छोट्या खिडक्या, मे महिन्यात दुपारी आत गेलं की डोळ्यांपुढे अंधारी यायची पण अंगाला गार वाटायचं. जोधपूरच्या जुन्या गावातली दगडी घरं, दुबईच्या जुन्या अल फहिदी भागातले वारा खाली ओढणारे बुरूज, ज्याला ते बर्जील म्हणतात, सगळ्यांनी आपापल्या डोक्याने तेच केलंय, ऊन आत येऊ द्यायचं नाही आणि वारा येऊ द्यायचा. आणि आपण आता काय करतो, तर काचेच्या भिंतीचा फ्लॅट घेतो आणि बिल भरतो.

खोली बघताना दुपारी चार वाजता जा, सकाळी एजंट दाखवतो तेव्हा सगळं छानच वाटतं. पश्चिमेच्या भिंतीला हात लावून बघा. हात ठेववत नसेल तर रात्री अकरापर्यंत ती भिंत तव्यासारखी तापलेली राहणार. शेवटचा मजला टाळा, पाच-सातशे रुपये भाडं कमी असलं तरी. राजस्थानात मिळालाच तर घरमालकाला विचारून गच्चीवर चुना मारून घ्या, हा खर्च पहिल्याच महिन्यात वसूल होतो.

दुबईत जाहिरातीत "चिलर फ्री" लिहिलंय का ते बघा. बऱ्याच बिल्डिंगांमध्ये एसीचं थंड पाणी बाहेरच्या मोठ्या प्लांटमधून येतं आणि त्याचं बिल वेगळं, चिलर फ्री म्हंजे ते तुमच्या माथी नाही. शिवाय वर्षाच्या भाड्याच्या 5 टक्के हाउसिंग फी वीज-पाण्याच्या बिलातून दर महिन्याला थोडी थोडी कापली जाते, हे मला पहिलं बिल आल्यावर कळलं. पगारावर इन्कम टॅक्स नाही म्हणून हुरळून जाऊ नका, आधी हे सगळं वजा करून बघा. एकटा पोरगा असेल तर बेडस्पेसवर राहतो, म्हंजे एका खोलीत पाच-सहा जण, पडदे लावून. परवडतं, पण एसी किती ठेवायचा यावरून रोज भांडण, कोणाला 18 पाहिजे, कोणाला 26.

आणि एक उलटी गंमत. उन्हाळ्यात तिथे गच्चीवरच्या टाकीचं पाणी इतकं तापतं की थंड नळाला चटका बसतो. जुनी माणसं काय करतात, गीझर बंद करून टाकतात. गीझरची टाकी घरात, एसीच्या गारव्यात असते, त्यात पाणी साठून निवतं. मग आंघोळीला गरम नळ सोडायचा, त्यातून गार पाणी येतं! मला पहिले दोन महिने कोणी सांगितलं नाही, मी बादली भरून चार तास निवत ठेवायचो.

खाणंपिणं

पाणी प्या पाणी प्या सगळेच सांगतात, पण घामाबरोबर मीठ जातं ते कोणी सांगत नाही. नुसतं पाणी ढोसून मी पडलो होतो ना, तसंच. ताक मीठ घालून प्या. राजस्थानात छाछ प्रत्येक टपरीवर, आणि बाजरीचं पीठ ताकात शिजवून राब करतात, आपल्या आंबिलीची सख्खी बहीण. दुबईत दुकानात लबान म्हणून बाटली मिळते, आपलं ताकच समजा, मीठ-जिरं घरी घाला. काहीच नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा, एवढं लक्षात ठेवा. लघवी गडद पिवळी झाली की समजा मागे पडलात. मुतखड्याचा त्रास आधीच असेल तर डॉक्टरला विचारूनच जा, हे थट्टेत घेऊ नका.

शेवभाजी आणि ठेचा दुपारच्या डब्यात नको. रात्री खा की, कोण नाही म्हणतंय. खिशात कांदा ठेवणाऱ्यांना मी हसत नाही, आजीनेच ठेवायला शिकवलंय, पण कांदा खिशात आणि डोकं उघडं असं करू नका.

पहिले पंधरा दिवस

अंगाला उन्हाची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात, भुसावळचं अंग असलं तरी. तुम्ही एसी ऑफिसातून किंवा पावसाळ्यातून तिकडे उतरत असाल तर जुनी सवय मोडलेलीच असते. पहिल्या दिवशी उन्हात तास-दीड तास, मग रोज थोडं वाढवत न्यायचं. साइटवर नवीन पोरंच जास्त पडतात, कारण त्यांना दाखवायचं असतं की आम्ही कच्चे नाही. पूर्ण बाह्यांचा सैल सुती शर्ट, मान झाकणारं उपरणं, सकाळी साडेपाचला कामाला सुरुवात. यूएईत 15 जून ते 15 सप्टेंबर दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावर उन्हात काम करून घ्यायला बंदी आहे, तुमचा सुपरवायझर काहीही म्हणो, हा नियम माहीत असू द्या.

सोबतचा माणूस असंबद्ध बोलायला लागला, चालताना झोकांड्या द्यायला लागला, अंग भट्टीसारखं गरम लागलं, की तो नाटक करतोय असं समजू नका. सावलीत न्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी ओता, मान, काखा, जांघेत ओलं कापड किंवा बर्फ ठेवा, वारा घाला आणि लगेच ॲम्ब्युलन्स, भारतात 108, यूएईत 998. शुद्धीवर नसेल तर तोंडात पाणी अजिबात घालायचं नाही.

मग जायचंच कशाला?

फायदे आहेत ना. कोरड्या वाळवंटात कपडे दहा मिनिटांत वाळतात, भिंतीला ओल नाही, बुरशी नाही. आमची आई तिकडे आली तेव्हा गच्ची बघून म्हणाली, इथे तर बिबडे एका दिवसात वाळतील, आणि खरंच घातले तिने, कुरडयापण. शेजारच्या मारवाडी काकू सांगरीच्या शेंगा वाळवत होत्या, दोघींचं न बोलता जमलं. जोधपूरची संध्याकाळ निवते, रात्री गच्चीवर झोपता येतं, आपल्यासारखंच. दुबईत ऑगस्टच्या रात्री 31-32 असते, गच्चीचं नाव काढू नका. पण तिकडचा हिवाळा, नोव्हेंबर ते मार्च, विचारू नका, तेव्हा तिथे राहायला पैसे मोजून लोक येतात. राजस्थानात उलट, हिवाळ्यात स्वेटरशिवाय भागत नाही. चुरूचं उदाहरण घ्या, 1 जून 2019 ला तिथे 50.8 नोंदलं आणि हिवाळ्यात तिथेच पारा शून्याखाली उतरतो. फलोदीचं 19 मे 2016 चं 51 तर देशातलं विक्रमी.

सोलरवाल्या पोरांना वाटतं जेवढं ऊन कडक तेवढी वीज जास्त. तसं नसतं. पॅनलला उजेड पाहिजे, उष्णता नको. 25 डिग्रीच्या वर प्रत्येक डिग्रीला साधारण 0.4 टक्के वीज कमी होते, आणि मे महिन्याच्या दुपारी पॅनल 65 ला असतं, लावा हिशोब. वर धूळ बसते ती वेगळी. म्हंजे वाळवंटात पॅनलचेपण हालच.

धुळीचं सांगायचं राहिलं. आंधी येते तेव्हा खिडकीच्या फटीतून पीठ चाळल्यासारखी धूळ आत येते, पोळीत दाताखाली कचकच. कोरड्या हवेने घोळणा फुटतो, टाचा भेगाळतात, रात्री नाकात खोबरेल तेलाचं बोट फिरवा. दुबईत सगळे ऊन टाळून घरात बसतात आणि मग व्हिटॅमिन डी कमी निघतं, एवढ्या उन्हात! माझंही निघालं होतं. सकाळी थोडा वेळ तरी बाहेर पडा. पाऊस पडलाच तर गटाराची सवय नसलेलं शहर, 16 एप्रिल 2024 ला तिथे 1949 पासूनच्या नोंदींमधला सगळ्यात मोठा पाऊस झाला आणि विमानतळाच्या धावपट्टीवर पाणी साचलं.

पण मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. दुबईतल्या आपल्या भारतीय शाळांना मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये. म्हंजे बायको-पोरं गावाला येणार ती पावसात. आखाजीला, म्हंजे अक्षय तृतीयेला, झोके बांधलेले, पुरणाचे मांडे, आमरस, माहेरी आलेल्या बहिणी, हे सगळं पाच वर्षं व्हिडिओ कॉलवर बघितलं. राजस्थानातून निदान रात्रीची गाडी पकडून येता येत होतं.

भाच्याने शेवटी फलोदी घेतलं. जॉइनिंग मे मध्ये मागत होते, त्याला म्हटलं ऑक्टोबर मागून बघ, नाही मिळालं तर पहिले पंधरा दिवस हलकं काम माग आणि लाजू नको. ऑक्टोबर मिळालं नाही, पंधरा दिवस मिळाले. परवा फोन आला, कूलर घेतला म्हणे, पण खोली गार होत नाही. विचारलं, समोरची खिडकी उघडलीस का?

"नाही मामा, धूळ येते."

जाळीला ओलं मलमलचं कापड लाव, आणि उघड.