डेटा पुसणारं टूल एआय एजंटला देताना त्याचं वर्णन कसं लिहावं

टूलच्या वर्णनात ‘काळजीपूर्वक वापरा’ असं लिहिलं असेल तर ते वाक्य आधी खोडा. कशाची काळजी, कधी, किती, यातलं काहीच त्यातून कळत नाही. नवा मुनीम अडला तर शेजारच्याला विचारून येतो. एजंटपुढे टूलचं, म्हणजे त्याला चालवायला दिलेल्या फंक्शनचं, नाव, वर्णन आणि पॅरामीटर (टूलला द्यायची माहिती) असतात, आणि बऱ्याचदा तेवढ्यावरच तो टूल चालवून मोकळा होतो.

लातूरच्या मार्केट यार्डातल्या आडतींचं हिशोबाचं सॉफ्टवेअर मी सांभाळतो. सोयाबीन, तूर, हरभऱ्याची आवक, पट्टी (शेतकऱ्याच्या मालविक्रीचा हिशोब), उचल (आगाऊ घेतलेली रक्कम), हमाली, तोलाई. मुनीम मराठीत सांगतात आणि एजंट टूल चालवतो, म्हणून उदाहरणं तिथलीच घेतो. बॅकअप आणि चाचणीसाठी वेगळा डेटाबेस तुमच्याकडे आहे असं धरलंय.

नाव. क्लीनअप, सिंक, रीसेट ही नावं बाद. ‘पट्टी कायमची पुसा’ असं सरळ नाव द्या. पाहणं आणि पुसणं एकाच टूलमध्ये कोंबू नका.

खुणा. मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल (एजंटला टूल जोडण्याची प्रमाण पद्धत) वापरत असाल तर रीडओन्लीहिंट (टूल फक्त वाचतं), डिस्ट्रक्टिव्हहिंट (डेटा नष्ट करू शकतं) आणि आयडेम्पोटंटहिंट (तेच पुन्हा चालवलं तर आणखी काही बदलत नाही) या खुणा नीट भरा. काहीच भरलं नाही तर टूल विध्वंसक धरलं जातं. मग नुसती यादी दाखवणाऱ्या टूललाही परवानगी मागितली जाऊ शकते आणि मुनीम न वाचता ‘हो’ दाबायला शिकतो. पण खुणा भरल्या म्हणजे काम झालं असं सांगणाऱ्यांचं ऐकू नका. कीटकनाशकाच्या डब्यावरचा लाल त्रिकोण विष जहाल आहे एवढंच सांगतो. प्रमाण किती, विषबाधा झाली तर उपाय काय, हे आतल्या माहितीपत्रकात असतं. ते माहितीपत्रक तुम्हालाच लिहायचंय.

परिणाम. खरी मेहनत इथे आहे, आणि मला सगळ्यात जास्त वेळ यानेच घेतला.

‘हे परत घेता येत नाही’ असं लिहून सुटू नका. ते बहुतेक वेळा अर्धंच खरं असतं. कोडचे बदल जपणाऱ्या गिटमध्ये रीसेट हार्ड केल्यावर जुने कमिट (जपलेले टप्पे) रीफ्लॉगमधून, म्हणजे गिटच्या हालचालींच्या नोंदवहीतून, मिळतात, सेटिंग बदललेलं नसेल तर साधारण ३० दिवस तरी. स्टेजही न केलेले (कमिटसाठी निवडून न ठेवलेले) बदल मात्र गेले. ट्रंकेट (अख्खं टेबल रिकामं करणारी आज्ञा) पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये ट्रान्झॅक्शनच्या आत असेल तर रोलबॅक होतं, म्हणजे मागे घेता येतं. मायएसक्यूएल डेटाबेसमध्ये ते आपोआप कमिट, म्हणजे पक्कं, होतं, रोलबॅक करायला काही उरतच नाही. म्हणजे काय परत येतं, कुठून, कधीपर्यंत आणि काय कधीच येत नाही, हे वेगवेगळं लिहावं लागतं.

माझ्या टूलचं वर्णन असं आहे:

“दिलेल्या क्रमांकाची एक पट्टी कायमची पुसते. सोबत तिच्या हमाली-तोलाईच्या नोंदी आणि उचलीची कपात जाते, त्यामुळे शेतकऱ्याची बाकी बदलते. शेतकऱ्याला गेलेला एसएमएस मागे घेता येत नाही. पट्टी फक्त रात्रीच्या बॅकअपमधून परत मिळते. आज केलेली पट्टी त्यात नसते. वजन किंवा भाव चुकला असेल तर हे टूल वापरू नका, ‘पट्टी दुरुस्ती’ वापरा. रक्कम चुकती झालेली पट्टी हे टूल पुसत नाही.”

यातलं ‘सोबत काय जातं’ हे आठवणीतून लिहू नका. स्कीमा (टेबलांची रचना) उघडा आणि ऑन डिलीट कॅस्केड (एक नोंद पुसली की तिला जोडलेल्याही आपोआप पुसणारा नियम) कुठे कुठे लागलंय ते शोधा. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी कधीतरी लावलेलं कॅस्केड हमखास सापडतं. डेटाबेसच्या बाहेर गेलेलं, म्हणजे एसएमएस, छापलेली पावती, बँकेकडे गेलेली यादी, हेही आठवून लिहा.

या सगळ्यात ‘त्याऐवजी हे वापरा’ हे वाक्य मला सगळ्यात मोलाचं वाटतं. एजंट चुकीचं टूल उचलतो तेव्हा बरेचदा बरोबरचं टूल कोणतं हे कुठेच लिहिलेलं नसतं. ‘धोका! कदापि नको!’ असा आरडाओरडा करायचा सल्लाही मिळतो. त्याने एजंट रास्त कामालाही बिचकतो, आणि प्रत्येक टूलवर तेच लिहिलं की त्याचं वजन जातं.

एक गोष्ट मात्र वर्णनाने सुटत नाही. तारीख दिली नाही तर सगळ्या पट्ट्या जातात, असं टूल असेल तर ते लिहून ठेवण्यात अर्थ नाही. टूल बदला. रिकाम्या फिल्टरला नकारच मिळाला पाहिजे.

आधी दाखवा, मग पुसा. ड्राय रन (प्रत्यक्ष न पुसता काय पुसलं जाईल ते दाखवणं) मूळ स्थितीत चालू ठेवा. किती नोंदी आणि कोणत्या, दोन्ही दाखवा.

एरर मेसेज. हाही वर्णनाचाच भाग आहे, पण लोक तो शेवटी घाईत उरकतात. “नोंद लॉक आहे, तरीही पुसायची तर फोर्स चालू करा” असं लिहिलं की एजंट फोर्स चालू करणारच; तुम्हीच तर वाट दाखवली. नुसतं “परवानगी नाही” लिहिलं तर तो दुसरं, बहुधा मोठं टूल शोधतो. असं लिहा: “या पट्टीची रक्कम चुकती झाली आहे. ती कोणत्याही टूलने पुसू नका. काम थांबवा आणि मुनिमांना मालकांशी बोलायला सांगा.”

एवढं करूनही वर्णन म्हणजे कुलूप नव्हे. एजंटच्या डेटाबेस युजरला ड्रॉप (टेबलच काढून टाकणं) आणि ट्रंकेटचे अधिकार देऊच नका.

चाचणी. डेटाबेसच्या नकलेवर, नव्या सत्रात, मुनीम बोलतात तसं अर्धवट बोलून बघा: “ती सोमवारची तुरीची पट्टी डबल झालीय बहुतेक, तेवढं बघा.” एजंटने आधी दोन्ही पट्ट्या समोर आणून विचारलं पाहिजे. तो थेट पुसायला गेला तर वर्णन पुन्हा लिहा. वर्णन कोडच्याच रेपोमध्ये, म्हणजे गिटमधल्या साठ्यात, ठेवा, आणि टेबलाला नवं कॅस्केड लागलं की त्याच कमिटमध्ये वर्णनही बदला.