पावसाळ्यात सातेरीची पेटी पळू नये म्हणून

आमच्या परसातल्या सातेरीच्या, म्हणजे पेटीत पाळतात त्या देशी मधमाशीच्या, वसाहती दर आषाढ-श्रावणात पेटी सोडून जायच्या. यंदा टिकल्या.

पळण्याचं कारण तळपाटावर, म्हणजे पेटीच्या तळाच्या फळीवर सापडलं: काळे बारीक दाणे आणि पोळ्यात रेशमी जाळ्यांचे बोगदे. मेणकिडा, म्हणजे पोळं खाणारी पतंगाची अळी! युरोपीय माशी फटी राळेने लिंपते, सातेरी लिंपत नाही. पावसात फुलोरा नसतो, माश्या कमी होतात, रिकामी पोळी राखायला कोणी उरत नाही आणि तो पतंग तिथेच अंडी घालतो.

म्हणून माश्यांनी झाकलेली तेवढीच पोळी आत ठेवली. जुनी काळी पोळी काढून वितळवली, मेण वेगळं केलं. दर आठवड्याला उघडीप बघून तळपाट खरवडून पुसायचा, हे मला सगळ्यांत मोलाचं वाटतं. साखर-पाणी समप्रमाणात उकळून, गार करून, दिवेलागणीनंतरच आत ठेवायचं. दिवसा दिलं तर शेजारच्या पेटीतल्या माश्या लुटायला येतात. दारही अरुंद केलं. स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत, मुंग्यांसाठी.

भाद्रपदात माश्या पायांना पिवळे परागगोळे लावून येऊ लागल्या. राणीने अंडी वाढवली तसा पाक थांबवला आणि एकेक रिकामी चौकट परत दिली. पाक चालू असताना मध मात्र काढू नका, त्यात साखर उतरते.