जमीन सरकारी, पण वाट कोणाची? एल्कच्या शिकारीला निघण्याआधी या चुका टाळा

अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यातल्या माझ्या पहिल्या शिकारीच्या पहिल्याच सकाळी मला एल्क दिसले. थोडेथोडके नाहीत, चांगले दीडएकशे. सूर्य नुकता वर आला होता, कुरणावर दहिवर होतं आणि कळप निवांत चरत होता. मी काउंटीच्या, म्हणजे इथल्या जिल्ह्याच्या, रस्त्यावर गाडीच्या बॉनेटवर कोपरं टेकून दुर्बिणीतून बघत होतो. मध्ये चार तारांचं कुंपण. ज्या सरकारी तुकड्याच्या भरवशावर मी परवाना घेतला होता, तो त्या कुरणाच्या पलीकडे दोन मैलांवर होता. नकाशावर पिवळाधमक दिसत होता, पण त्याच्याकडे जाणारा एकही सार्वजनिक रस्ता नव्हता. चारही बाजूंनी एकाच मालकाची रँच, म्हणजे गुरांसाठी राखलेली खासगी जमीन.

गावाकडे शेत घेताना जाणता माणूस सातबारा बघायच्या आधी विचारतो, ‘वाट आहे का?’ माझे आजोबाही हेच विचारायचे. आठ हजार मैलांवर येऊन मी नेमका तोच प्रश्न विसरलो.

(भारतात १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकार बंदच आहे, त्यामुळे तिकडच्या वाचकांना हे विचित्र वाटेल. इथे राज्याचं वन्यजीव खातं कळपांचा अंदाज घेऊन, दर क्षेत्राला किती जनावरं मारायची ते ठरवून परवाने देतं. एल्क म्हणजे सांबराहून मोठं हरीण. मोठा नर तीनशे किलोंच्या पुढे जातो.)

परवाना आधी, नकाशा नंतर

सगळ्या चुकांची आई हीच. वायोमिंगमध्ये बाहेरच्या राज्यातल्यांना एल्कसाठी वर्षाच्या सुरुवातीलाच अर्ज करावा लागतो आणि सोडतीचा निकाल उन्हाळ्याच्या तोंडावर लागतो. अर्ज भरताना माणूस काय बघतो? नंबर लागायची शक्यता. जिथे सहज नंबर लागतो ते क्षेत्र बघून त्याला वाटतं, लोकांना या जागेचा पत्ताच लागलेला नाही. लोकांना पत्ता असतो. आत शिरायला वाट नाही, म्हणून ते तिथे अर्ज करत नाहीत. सोपा नंबर आणि भरपूर एल्क असं एकत्र दिसलं, की पहिला संशय वाटेवर घ्यावा. कळप फुगण्याचंही बऱ्याचदा तेच कारण असतं. खासगी जमिनीवर त्यांना कोणी हात लावत नाही, आणि हे एल्कना आपल्यापेक्षा लवकर समजतं.

अर्जाआधी त्या भागाच्या खात्याच्या कार्यालयात फोन करा. जीवशास्त्रज्ञ आणि गेम वॉर्डन (शिकारीचे नियम पाळले जातात का ते बघणारा खात्याचा अधिकारी) दोघेही बोलायला तयार असतात. ‘एल्क कुठे आहेत?’ असं विचारू नका, ते सगळेच विचारतात. ‘ऑक्टोबरमध्ये एल्क असतात तिथे सार्वजनिक रस्त्यावरून पायी जाता येतं का?’ असं विचारा. या एका प्रश्नावर मला एकदा वीस मिनिटं माहिती मिळाली आहे.

पिवळा रंग दिसला की जागा आपली

नकाशात पिवळी ती बीएलएमची, म्हणजे केंद्राच्या भूव्यवस्थापन खात्याची जमीन. हिरवं राष्ट्रीय वन, निळी राज्याची, पांढरी खासगी. दक्षिण वायोमिंगचा नकाशा उघडलात तर बुद्धिबळाचा पटच समोर येतो. १८६२च्या कायद्यानुसार पॅसिफिक रेल्वे बांधायला काढली, तेव्हा रुळांच्या दोन्ही बाजूंचे चौरस मैलाचे तुकडे एकाआड एक रेल्वे कंपनीला दिले आणि मधले सरकारने ठेवले. एक तुकडा ६४० एकरांचा. कंपनीचे तुकडे पुढे रँचवाल्यांनी विकत घेतले. सरकारी घरं राहिली, पण एकमेकांना फक्त कोपऱ्यात टेकणारी. एका घरातून दुसऱ्यात जायचं तर उंटासारखं तिरकंच जायला हवं.

अशा अडकलेल्या जमिनीचा २०१८ साली एक मोठा हिशेब मांडला गेला. अमेरिकेच्या पश्चिमेत ९५ लाख एकरांहून अधिक केंद्रीय जमीन अशी निघाली, की तिला तेव्हा कायदेशीर वाटच नव्हती. त्यातली तीस लाखांच्या आसपास एकट्या वायोमिंगमध्ये. तेव्हा रंग बघून खूश होऊ नका. रस्त्यापासून त्या रंगापर्यंत बोट न उचलता जाता येतं का ते बघा. बोट उचलावं लागलं, तर तो तुकडा तुमच्या हिशेबातून काढून टाका.

रस्त्यांचंही तसंच. शिकाऱ्यांच्या नकाशाच्या ॲपमध्ये रेघ आहे म्हणजे रस्ता सार्वजनिक आहे असं नव्हे. रँचच्या आतल्या दोन चाकोऱ्याही ॲप तशाच काढतं. काउंटीच्या रोड अँड ब्रिज विभागात फोन करून रस्त्याचा नंबर सांगा आणि तो काउंटीचा आहे की नाही ते विचारा. पाच मिनिटांचं काम आहे.

कोपऱ्याचा निकाल अर्धवट वाचणं

आता सगळे म्हणतात, ‘अरे, कोपरा ओलांडायला परवानगी मिळाली ना!’ मिळाली, पण कुठे आणि कशी ते नीट वाचा.

प्रकरण वायोमिंगच्या कार्बन काउंटीतलं, डोंगराचं नाव योगायोगाने एल्क माउंटन. मिसूरीहून आलेल्या चार शिकाऱ्यांनी २०२१ साली दोन सरकारी तुकड्यांच्या कोपऱ्यावर घडीची शिडी उभी केली आणि खासगी जमिनीला पाय न लावता पलीकडे उतरले. मालकाच्या तक्रारीवरून फौजदारी झाली. २०२२मध्ये ज्युरीने चौघांना निर्दोष सोडलं. सत्तर लाख डॉलरांहून जास्त नुकसान झालं असं म्हणत मालकाने दिवाणी दावाही लावला होता. तिथेही तो २०२३मध्ये हरला आणि मार्च २०२५मध्ये दहाव्या सर्किटच्या, म्हणजे काही राज्यांच्या केंद्रीय न्यायविभागाच्या, अपील न्यायालयाने शिकाऱ्यांच्याच बाजूने निकाल दिला. आधार होता १८८५चा एक कायदा, सार्वजनिक जमीन कुंपणात कोंडायला मनाई करणारा. ऑक्टोबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायला नकार दिला.

हा निकाल लागू आहे तो दहाव्या सर्किटच्या सहा राज्यांत: वायोमिंग, कोलोरॅडो, यूटा, न्यू मेक्सिको, कॅन्सस, ओक्लाहोमा. माँटाना आणि आयडाहो त्यात नाहीत, आणि माँटानाचं खातं कोपरा ओलांडणं बेकायदाच मानतं. सीमेजवळच्या गावात मुक्काम असेल, तर आज आपण कोणत्या राज्यात आहोत हे खरंच बघावं लागतं.

दुसरं म्हणजे, कोपरा हा बिंदू आहे. फोनचं जीपीएस तीन ते पाच मीटर इकडेतिकडे दाखवतं आणि ॲपमधली रेघही त्याहून अचूक नसते. एकोणिसाव्या शतकात मोजणीदारांनी पुरलेली खूण, बहुतेक ठिकाणी आता पितळी टोपी बसवलेला खांब, ती सापडली तर कोपरा सापडला. गवतात गुडघ्यावर बसून मी ती टोपी एकदा पाऊण तास शोधली. सापडली नाही. परत फिरलो. अंदाजाने पाय टाकला असता तर तो कोपऱ्यावर नाही, कोणाच्या तरी शेतात पडला असता.

निळा चौकोन

प्रत्येक टाउनशिपमधले (छत्तीस तुकड्यांचा मोजणीचा एक गट) १६ आणि ३६ नंबरचे तुकडे शाळांच्या निधीसाठी राज्याला दिलेले आहेत, त्यामुळे खासगी जमिनीत एकटे निळे चौकोन दिसतात. वायोमिंगमध्ये सार्वजनिक वाट असेल तर तिथे शिकार चालते, मात्र मुक्काम नाही आणि शेकोटी नाही. कोलोरॅडोत चित्र उलटं: राज्याची जमीन खात्याच्या प्रवेश योजनेत नसेल तर ती तुमच्यासाठी बंद. एका राज्याची सवय दुसऱ्यात नेऊ नका.

परवानगी मागायला आदल्या दिवशी जाणं

या भागातली निम्मी शिकार रँचच्या दारात होते. वायोमिंग आणि कोलोरॅडो दोन्हीकडे ‘पाटी नव्हती, कुंपण नव्हतं’ हे कारण चालत नाही. खासगी जमीन ओळखण्याची जबाबदारी शिकाऱ्याची.

पहिल्या वर्षी मी हंगामाच्या आदल्या संध्याकाळी, अंगात शिकाऱ्याचं नारिंगी जाकीट घालून, तीन दारं वाजवली. तिन्हीकडे नाही. तिसऱ्या दारातल्या म्हाताऱ्या बाईंनी निदान कारण सांगितलं. त्या दिवशी दार वाजवणारा मी अकरावा होतो.

पुढच्या वर्षी जुलैत त्याच बाईंकडे गेलो, साध्या कपड्यांत, आठवड्याच्या मधल्या दिवशी. गवतकापणी चालू होती. त्या ट्रॅक्टरवरून उतरेपर्यंत फाटकाबाहेर थांबलो. नाव, गाव, गाडीचा नंबर, सोबत कोण हे एका कार्डावर लिहून दिलं. त्यांनी कार्ड उलटून पाहिलं आणि म्हणाल्या, “नर पाहिजे असेल तर नाही. ते आम्ही आउटफिटरला दिलेत. पण माद्या डिसेंबरात माझ्या गंज्या खातात. त्यांच्यासाठी येणार असशील तर ये.”

या चार वाक्यांत सगळं अर्थकारण आहे. नर एल्कमागे आउटफिटरचा, म्हणजे पैसे घेऊन शिकार घडवणाऱ्याचा, पैसा असतो, म्हणून ती दारं बंद. माद्यांचा कळप हिवाळ्यात साठवलेलं गवत खातो, तारा तोडतो. तिथे रँचवाल्याला शिकारी हवा असतो, फक्त तो फाटक उघडं टाकून जाणारा नको असतो. कमी पैशाचा मादीचा परवाना आणि उशिराचा हंगाम घेतलात, तर हेच क्षेत्र पुष्कळ मोकळं होतं. शिंगांचा हट्ट असेल तर दुसरं क्षेत्र शोधा, असं मी सरळ सांगतो. कोणाला ते आवडत नाही.

दार वाजवायची लाज वाटत असेल त्यांच्यासाठी खासगी जमीन शिकाऱ्यांना मोकळी करणाऱ्या खात्याच्या योजना आहेत. वायोमिंगमध्ये ‘ॲक्सेस येस’खाली पायी आत जायची वॉक-इन क्षेत्रं असतात, आणि हंटर मॅनेजमेंट एरियांसाठी आधी परवानगीची चिठ्ठी काढावी लागते. चिठ्ठ्या मर्यादित असतील तर लवकर संपतात. माँटानात अशाच योजनेचं नाव ब्लॉक मॅनेजमेंट. तिथे काही ठिकाणी स्वतःच नोंद करून आत जाता येतं, काही ठिकाणी मालकाची वेळ घ्यावी लागते. दरवर्षी हद्दी बदलतात, म्हणून गेल्या वर्षीचा नकाशा वापरू नका.

दोन गोष्टी, ज्या विसरल्या जातात

वायोमिंगच्या केंद्रीय ‘वाइल्डरनेस’ क्षेत्रांत, म्हणजे रस्ते न करता राखलेल्या रानांत, बाहेरच्या राज्यातल्या माणसाला एल्कची शिकार एकट्याने करता येत नाही. परवानाधारक गाइड किंवा मोफत परवाना काढलेला स्थानिक रहिवासी सोबत लागतो. नकाशात सगळ्यात मोठा सलग हिरवा पट्टा दिसतो तो बऱ्याचदा हाच.

आणि एच-१बीवाल्यांनो: तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला बंदूक बाळगायला केंद्रीय कायद्याने मनाई आहे. वैध शिकार परवाना असेल तर सवलत आहे, पण तिच्या कडा बारीक आहेत. मित्राच्या सांगण्यावर जाऊ नका, वकिलाला विचारा.

अडलंच तर

कळप कुंपणापलीकडे बसून आहे? हंगामाच्या पहिल्या शनिवारी गोळीबार झाला की हे हमखास होतं. पण एल्क रात्री कुरणात चरून पहाटे झाडीत परततात. ती झाडी सरकारी तुकड्यात असेल तर अंधारातच वाऱ्याच्या खालच्या अंगाला, हद्दीच्या आत बसा. मंगळवार-बुधवारी, गर्दी ओसरल्यावर. ते आले नाहीत तर दुसऱ्या दिवशी पुन्हा. कुंपणावर जाऊन त्यांना हुसकावायचा मोह आवरा.

काउंटीच्या रस्त्यावर कुलूप लावलेलं फाटक आहे? स्वतः तोडू नका, ओलांडू नका, मालकाशी वाद घालू नका. फोटो काढा, जागा नोंदवा, शेरीफ आणि वॉर्डन दोघांना कळवा. त्या दिवसाची शिकार गेली असं धरा.

गोळी लागलेलं जनावर कुंपणापलीकडे गेलं? ते तुमचं आहे म्हणून आत जाता येत नाही. थांबा, दिशा आणि शेवटची जागा ॲपमध्ये खूण करून ठेवा, मालकाला फोन करा. लागला नाही तर वॉर्डनला. वॉर्डन मालकावर सक्ती करू शकत नाही, पण त्याच्या शब्दाला वजन असतं. म्हणूनच हद्दीजवळ बसत असाल तर शेजारच्या मालकाचा नंबर उन्हाळ्यातच घेऊन ठेवा, परवानगी मिळाली नसली तरी.

आणि मांस. एका मादीचं हाडं काढून साठ-सत्तर किलो भरतं, म्हणजे एका माणसाच्या पाठीवर तीन फेऱ्या. खासगी जमिनीतून रस्ता अर्धा मैल आणि सरकारी वाटेने चार मैल असेल, तर तुम्ही चारच मैल चालणार आहात, तीनदा. ट्रिगर दाबण्यापूर्वी हा गुणाकार करा. सप्टेंबरच्या उन्हात मागच्या फऱ्यातलं मांस हाडाजवळ आधी नासतं. म्हणून तिथलं हाड पहिलं काढा, मांस कापडी पिशव्यांत भरून झाडाच्या उत्तरेकडच्या सावलीत टांगा, आणि पहिली खेप घेऊन लगेच निघा. जनावराच्या लिंगाची खूण मांसासोबत ठेवावी लागते, ती सफाईच्या नादात टाकून देऊ नका. डोकं आणि कणा राज्याबाहेर न्यायच्या आधी सीडब्ल्यूडी या हरणांच्या मेंदूच्या जीवघेण्या रोगाचे नियम बघा. बहुतेक राज्यं ते आणू देत नाहीत.

त्या डिसेंबरात बाईंच्या गंज्यांजवळ मला मादी मिळाली. रस्ता तीनशे पावलांवर होता. त्या ट्रॅक्टर घेऊन आल्या, जनावर दोरीने ओढून फाटकापर्यंत आणलं, आणि खाली न उतरता म्हणाल्या, “साखळी वरच्या खिळ्यात अडकव. खालच्यातून निसटते.”