डोसिमीटर बॅज नीट वापरताय ना?

एक्स-रे, कॅथलॅब, न्यूक्लिअर मेडिसिन किंवा इंडस्ट्रियल रेडिओग्राफीत काम करणाऱ्यांनो, तो छातीवरचा छोटासा डोसिमीटर बॅज किरणं अडवत नाही, तो फक्त मोजतो, आणि तुम्ही जसा वापराल तसंच मोजतो. सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे ड्युटी संपली की लेड एप्रन (किरणं अडवणारा शिशाचा एप्रन) खुंटीला अडकवायचा आणि बॅज त्यालाच लटकलेला ठेवायचा, मग त्या खोलीत दिवसभर जे एक्सपोजर होतात ते सगळे तुमच्या नावावर चढतात. त्याहून वाईट म्हणजे रीडिंग जास्त येईल या भीतीने बॅज मुद्दाम ड्रॉवरमध्ये ठेवणं. असं प्लीज करू नका, कारण मग खरा डोस, म्हणजे अंगावर किती किरणं पडली, ते कुणालाच कळत नाही.

बॅज एप्रनच्या आत छातीवर लावायचा की बाहेर कॉलरला, हे सेफ्टी ऑफिसरला विचारून घ्या आणि मग रोज तिथेच लावा, बॅजवरची छोटी खिडकी असलेली बाजू समोर. दोन बॅज असतील तर अदलाबदल नको. स्वतःचा एक्स-रे काढायचा असेल तेव्हा बॅज काढून ठेवा.

रिपोर्ट आला की फक्त सही करून परत देऊ नका, आकडा बघा, मागच्या रिपोर्टशी ताडून बघा. आंतरराष्ट्रीय शिफारस वर्षाला सरासरी जास्तीत जास्त २० मिलिसिव्हर्टची (डोस मोजायचं एकक) आहे, ५ वर्षांची सरासरी धरून, आणि कुठल्याही एका वर्षात ५० च्या वर नाही. पण मर्यादेच्या आत असूनही आकडा अचानक दुप्पट झाला असेल तर कारण विचाराच. नोकरी बदलताना जुना डोस रेकॉर्ड मागून घ्या, आणि प्रेग्नन्सी असेल तर लगेच कळवा.