ट्यूब पेटंना? स्लेयर एक्सायटर करताना या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की सोलापुरातली दोन-तीन पोरं माझ्याकडे हमखास येतात. हातात पीव्हीसी पाइपवर गुंडाळलेली तार, ९ व्होल्टची बॅटरी आणि एकच तक्रार: "काका, ट्यूब पेटंना!" टेस्लाने १८९१ मध्ये न्यूयॉर्कला हातातल्या नळ्या तारेशिवाय उजळवल्या, तेच यांना स्लेयर एक्सायटरने करायचं असतं: बारीक तारेची कॉइल, भोवती जाड तारेचे तीन-चार वेढे आणि एक ट्रान्झिस्टर, एवढ्यावर जवळची ट्यूबलाइट तारेशिवाय उजळवणारं छोटं सर्किट.

ट्यूबला दोष देऊ नका. गेलेली ट्यूबही चालते. फिलामेंट तुटलं तरी आतला वायू शाबूत असतो. काचेला तडा असेल तर मात्र खेळ खलास. आणि एलईडी ट्यूब आणू नका, तिच्यात वायूच नसतो. (तरी आणतातच.)

खरी गडबड वेढ्यांत. पॉवरलूमवाल्या घरातल्या एकाने कांडी भरावी तशी खाली-वर थर देत तार भरून आणली. सुताला ती रीत झकास. इथे थरावर थर आला की लांबचे वेढे एकमेकांना भिडतात, त्यांच्यातला व्होल्टेजचा फरक वाढतो आणि इनॅमल (तारेवरचा वीज अडवणारा लेप) फुटतं. एकच थर द्या, वेढ्याला वेढा चिकटून, साधारण ३००. रिवाइंडिंगवाल्याकडची ३४ नंबरची तार असेल तर जेमतेम ८ सेंमी पाइप भरतो.

कॉइलचं ट्रान्झिस्टरच्या बेसला (नियंत्रणाच्या पायाला) जाणारं टोक ब्लेडने खरवडलंय ना? तांबं दिसतं म्हणून फसू नका, वर इनॅमल असतं. दुसरं टोक मोकळंच ठेवायचं.

तरीही काही होत नसेल तर जाड तारेच्या तीन-चार वेढ्यांची टोकं अदलाबदल करा. फीडबॅक (कॉइलकडून ट्रान्झिस्टरला परत येणारा इशारा) उलटा मिळाला तर ऑसिलेशन, म्हणजे विजेचं वेगाने पुढे-मागे होणं, सुरूच होत नाही. निम्मी पोरं इथेच सुटतात. ट्रान्झिस्टरचे पायही तपासा; प्लास्टिकच्या २२२२ नंबरच्या ट्रान्झिस्टरमध्ये कंपनीनुसार कलेक्टर-एमिटर हे दोन पाय उलटे निघतात. चटका बसण्याइतका तापला तर लगेच बंद करा.

मोकळ्या टोकाला बोट लावू नका. झटका जाणवत नाही, पण कातडी भाजते. पेसमेकर असलेल्या माणसाजवळ हा प्रयोग नकोच.

ट्यूब अंधारातही गप्प असेल तर शेजारी मिडियम वेव्हचा रेडिओ लावा. कॉइल चालू करताच खरखर वाढली किंवा आवाज दबला तर ऑसिलेशन होतंय, फक्त जोर कमी आहे: बॅटरी बदला. आजोबांच्या बातम्या संपेपर्यंत तेवढं थांबा.